कडेचे बारा धागे

अप्पांचे डोळे अधू होऊ लागले, ते त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस ग्राफ पेपर माझ्यापुढे सरकवून एवढंच म्हणाले, "ह्या चादरीची नक्षी तू मांड." माझे वडील आयुष्यभर सोलापुरी चादरींची नक्षी काढत आले. कागदावरचा एक चौकोन म्हणजे मागावरचा एक उभा धागा. कारखान्याच्या मालकांनी निरोप धाडला होता, या खेपेला नक्षी चुकली तर काम कॉम्प्युटरवाल्याकडे जाईल. म्हणजे अप्पा घरी बसणार.

गणितात मी हुशार होते आणि ते कुणाला विसरू द्यायची नाही. रुंदीत पाचशे धागे, अप्पांच्या फुलाला अठ्ठावीस. भागाकार केला, तर सतरा फुलं आणि बाकी चोवीस. बाकी उरली की शाळेतही मला चुकल्यासारखंच वाटायचं. मग मी फूलच आवळून पंचवीस धाग्यांचं केलं. वीस फुलं, बाकी शून्य. स्वतःवरच खूश होऊन चहा टाकला.

अप्पांनी कागद अगदी नाकापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "तूच सांग. कडंला किती सोडलीस?"

"काहीच उरत नाही, अप्पा."

"तितंच चुकलं की. मागावर कडंचं धागं आत ओढलं जात्यात. शेवटचं फूल आक्रसून बसंल. बाकी लागतीच. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं."

मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, त्या शून्याचा. दोन दुपारी घालवून सगळं पुसलं, अठ्ठावीसचं फूल परत मांडलं, दोन्ही कडांना बारा-बारा धागे कोरे सोडले. मालकांनी नक्षी ठेवून घेतली.

महिन्याभराने पहिली चादर घरी आली. अप्पांनी ती मांडीवर पसरली. फुलांकडे त्यांनी पाहिलंच नाही. कोऱ्या कडेवरून नख सावकाश फिरवत ते ओठांतल्या ओठांत मोजत राहिले.

"बारा," ते म्हणाले. मग चादर फिरवून दुसरी कड चाचपली. "बारा."

खिशातली नक्षीची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. लहानपणापासून मला ती हवी होती आणि त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र ती परत त्यांच्या खिशात ठेवावी, असं फार वाटलं.