शेवटी 'एक्टॉमी' असलेले शब्द

मला लांबलचक इंग्रजी शब्दांचं वेड आहे, आणि मुरूम गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे ते खपूनही जातं. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द लिहायचा, वर्गाचे डोळे पांढरे झाले की खडूनं त्याचे सांधे दाखवायचे, यात मला जी मजा येते ती सणासुदीलाही येत नाही. शेवटी 'आयटिस' दिसलं की समजा, कुठंतरी सूज आहे; स्वरयंत्रात असेल तर लॅरिंजायटिस, सांध्यात असेल तर आर्थरायटिस. शेवटी 'एक्टॉमी' असेल तर काहीतरी कापून बाहेर काढलंय. टॉन्सिलेक्टॉमी, अपेंडेक्टॉमी. कधीकाळी ग्रीक माणसं घरीदारी 'बाहेर' आणि 'कापणं' म्हणत असतील, ते बोल त्या इवल्याशा शेपटीत अजून जिवंत आहेत. हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. मुलांच्या येत नाही, त्यांचे कान घंटेकडे असतात.

घरी मात्र माझी एक हक्काची विद्यार्थिनी आहे. अव्वा, म्हणजे माझी आई. आमच्या घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, इंग्रजीचा संबंध फक्त माझ्यापुरता. तरी मेथी निवडता निवडता मी तिला इंग्रजी शब्द उकलून दाखवायचे आणि ती मान हलवायची. एकदा म्हणाली, त्यात काय एवढं, आपल्या बोलीत हे रोजच चालतं. आणि तिनं सहज एक शब्द टाकला, 'मन्यागिद्दवरिगे'. घर, आत, असलेले, त्यांना. घरात आहेत त्यांना. चार तुकडे, एक शब्द. जन्मभर मी तो बोलत आले होते आणि त्याचे सांधे मला कधी दिसले नव्हते. मी थक्क होऊन बसले आणि निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत राहिले.

अव्वाचा खरा मान होता तो तिच्या आवाजाला. सोमवारी महादेवाच्या देवळात बायका भजनाला बसतात, तिथं पहिली ओळ तिची. ती उचलते, मग बाकीच्या तिच्यामागून जातात. ती गावाला गेली तर त्या दिवशी भजन कसंबसं उरकतं, हे त्या बायकाच सांगतात.

गेल्या वर्षी तिच्या गळ्याला गाठ आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. थायरॉइडच्या एका बाजूला गाठ आहे. आवाजाच्या नसा ग्रंथीला लागूनच मागून जातात, दोन बाजूंना दोन. अर्धी ग्रंथी काढली तर धोका एकाच नसेला, सगळी काढली तर दोन्हींना. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायचा, आणि वाईट निघाली तर सगळी काढायची. अव्वानं गाठीबद्दल काहीच विचारलं नाही. गाता येईल का, एवढंच विचारलं. बहुतेक येईल, पण खात्री देत नाही, असं ते म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं पटलंही.

परतीच्या एसटीत काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी माझं नेहमीचंच सुरू केलं. थायरॉइड म्हणजे ढालीसारखं. ग्रीकांना माणसाच्या गळ्यात ढाल दिसली, असं मी तिला सांगितलं. अव्वानं पदराआड हात नेला आणि गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली.

"माझी ढाल हितं हाय," ती म्हणाली.

लिंग अंगावेगळं करायचं नाही, ही आम्हा लिंगायतांची रीत. झोपताना नाही, अंघोळीला नाही. त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी व्हायचं तेच झालं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी अव्वानं निमूट काढून माझ्या ओंजळीत दिली. नर्स म्हणाली, तो दोराही काढा, गळ्यात काहीच चालणार नाही. मी पदर खोचून भांडायला उभी राहिले. अव्वानं मला मागं सारलं.

"गळ्यात नगं तर नगं. हाताला बांधा. पन अंगावर ऱ्हाऊ द्या, बाई."

नर्स आत जाऊन विचारून आली. तिनं डबी स्वच्छ पट्टीत गुंडाळली आणि अव्वाच्या मनगटाला बांधली, आणि गाठ घट्ट आहे का ते दोनदा ओढून पाहिलं. मला तिचे पाय धरावेसे वाटले.

दार लागलं. बाहेर बाकड्यावर बसून मी तो शब्द मनात घोळवत होते. मागचं सगळं ठरलेलं होतं, थायरॉइडेक्टॉमी. प्रश्न पुढच्या एका तुकड्याचा होता. 'हेमी' म्हणजे अर्धं. इतकी वर्षं मी शब्दांच्या शेपटीवर भाळले होते आणि आता माझा सगळा जीव त्यांच्या तोंडाशी अडकला होता. कुठल्या समुद्रापलीकडची ती माणसं, कुणाला ठाऊक कशासाठी त्यांनी अर्ध्याला 'हेमी' म्हटलं, आणि मी सोलापुरात बसून महादेवाकडे तेवढंच मागत होते.

डॉक्टर बाहेर आले. "हेमीथायरॉइडेक्टॉमी," ते म्हणाले आणि अर्थ सांगू लागले. मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी भिंतीला टेकून रडत होते. एवढा सुंदर शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पण नस एका बाजूची का होईना, धोक्यात होतीच. संध्याकाळी अव्वा नीट शुद्धीवर आली. आधी तिनं दुसऱ्या हातानं मनगट चाचपलं. डबी जागेवर होती. डॉक्टर वाकून म्हणाले, मावशी, काहीतरी बोला. तिनं आवंढा गिळला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मन्यागिद्दवरिगे हेळ."

घरात आहेत त्यांना सांग. आवाज खरबरीत होता, पण तिचाच होता, आणि तो अख्खा शब्द तिनं एका दमात, कुठंही न तुटता म्हटला. डॉक्टरांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी आधी फोन काढला. गुडघे दुखतात म्हणून अप्पा, म्हणजे माझे वडील, घरीच होते, सकाळपासून फोनजवळ बसून. मी त्यांना फोन लावला आणि तो अव्वाच्या तोंडाजवळ धरला.