नळ्यांखालचा आकडा

हुसेन मिस्त्री गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. वर्षाची साफसफाई करून घ्यायला बंदूक घेऊन धुळ्याला गेले, तर दुकानाचं दार अर्धंच उघडं. त्यांचा मुलगा सलीम म्हणाला, "अब्बा गेले, अक्का..." मी बंदूक भिंतीला टेकवली आणि बसले. या माणसावर मी एकदा चोरीचा संशय घेतला होता, तोही लेखी.

दहा-अकरा वर्षं झाली. चोपड्याला आमची केळी, आणि रानडुकरांसाठी वडिलांची जुनी विलायती दुनळी बंदूक. वडील वारले तेव्हा ती लाकडी दस्ता बदलायला मिस्त्रींकडे होती, पावसाळाभर. मी ती आणली आणि परवाना नावावर करायला जळगावला गेले. कारकुनाने नळीत माप घातलं. "बाई, नंबर जुळतोय. पण परवान्यावर अठ्ठावीस बोअर आहे आणि ही वीसची." बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक, म्हणजे या नळ्या आमच्या नव्हेत. सोबत आलेला चुलतभाऊ लगेच म्हणाला, "अक्का, हाई आपली बंदूक नही शे." विलायती नळ्या काढून दुसऱ्या बसवल्या, असं मी धरून चालले आणि तिथेच मिस्त्रींच्या नावाने अर्ज लिहिला. बंदूक ठाण्यात जमा झाली. मिस्त्रींना धुळ्याहून बोलावून दिवसभर बाकावर बसवलं. त्यांचा दुरुस्तीचा परवाना जायची वेळ आली होती.

संध्याकाळी त्यांनी फौजदारांकडे बंदूक मागितली. टेबलावर ठेवून नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला, नळ्या सुट्या केल्या. खालच्या बाजूला तोच नंबर, शेजारी कारखान्याचा वीसचा ठसा.

"नंबर नवाही ठोकता येतो," मी म्हटलं.

"येतो ना. मग त्यात हा तीस वर्षांचा मळ कुठून आणू, अक्का?" त्यांनी सुईने खाचेतला काळा, दगडासारखा मळ खरवडून दाखवला. मग टेप मागवून नळी मोजली. बरोबर अठ्ठावीस इंच. परवान्याचं जुनं पुस्तक भिजल्यावर नवं करताना कुणीतरी लांबी बोअरच्या रकान्यात लिहिली होती. त्यानंतर वडिलांनी काडतुसं घेतलीच नाहीत, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी अर्ज मागे घेतला. माफी मागितली नाही; अठ्ठावीस पाहून कुणालाही संशय आला असता, असं मी स्वतःला सांगितलं. बंदूक त्यांच्याकडेच देत राहिले. दर वर्षी, देताना आणि घेताना, मी बसायच्या आत मिस्त्री ते लाकूड काढून नळ्या माझ्यापुढे धरत. "वाचा, अक्का." मी चष्मा लावून एकेक आकडा वाचे. दुकानाची रीत असेल, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सलीमने पावती लिहिली आणि बंदूक उचलली.

"उघडून नंबर दाखव की," मी म्हटलं. "अब्बा सगळ्यांना दाखवायचे."

तो गोंधळला. "सगळ्यांना? अब्बा तर गिऱ्हाइकासमोर बंदूक कधी उघडत नव्हते, अक्का."

तो लाकूड काढायला लागला, तेव्हा मी त्याला राहू दे म्हटलं आणि पावती न वाचताच पर्समध्ये ठेवली.