थरथरत्या हातांची दुर्बीण

धक्क्यावर सगळेच तिला वहिनी म्हणायचे. बंदराच्या तोंडाशी टेहळणीची काचेची खोली होती, तिथे ती दिवसपाळीला बसायची. बचावबोट तिचा दीर चालवायचा आणि वायरलेसवर ‘वहिनी, बोला’ अशीच सुरुवात करायचा. तेच नाव तिला चिकटलं.

वहिनी मुळात भित्री. पाण्याला भ्यायची, वाऱ्याला भ्यायची, फोन वाजला तरी दचकायची.

"तुला ही नोकरी दिली कुणी?" नवरा चिडवायचा.

"न घाबरणारा माणूस तिथे डुलक्या काढील," ती म्हणायची.

एका दुपारी वारा फिरला, खडकांपलीकडे एक होडी उलटली. दीर बोट घेऊन निघाला. वहिनी बाहेरच्या सज्जात उभी राहून दुर्बिणीतून बघत त्याला वाट सांगत होती. तोंडावर पाण्याचे सपकारे बसत होते. आणि एकाएकी सगळं पांढरं झालं. तिने रुमालाने भिंगं पुसली. तरी पांढरंच. वाफ काचेच्या आतल्या बाजूला धरली होती. तिथे रुमाल पोचणार कसा?

"वहिनी, बोला! खडक कुठाय?"

नुसत्या डोळ्यांना लाटा, खडक, बोट सगळं एकच दिसत होतं.

"भावजी, मला दिसत नाहीये," ती कशीबशी म्हणाली.

वायरलेस गप्प झाला. जावेला काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ती कठड्याला धरून खालीच बसली.

बऱ्याच वेळाने बोट आली. एक बाजू खरवडून निघाली होती, पण होडीवाला सापडला होता. "‘दिसत नाही’ म्हणालात म्हणून वेग कमी केला," दीर हसत म्हणाला. "नाहीतर गेलो होतो बाराच्या भावात!" वहिनीला हसू आलं नाही. आडोशाला जाऊन ती भडाभडा ओकली.

बंदराचे साहेब म्हणाले, नवी दुर्बीण तुम्हीच निवडा. झालं, आता त्याची धास्ती! चुकीची निवडली तर?

दुकानदाराने एक सडपातळ, सरळ नळ्यांची दुर्बीण पुढे केली. "हलकी आहे, दहापट जवळ दाखवते."

वहिनीने समोरच्या इमारतीवरचं घड्याळ बघितलं. काटे नाचत होते.

"सवय होईल."

"नाही होणार. मी घाबरले की हात आणखी थरथरणार, आणि मी घाबरणारच."

मग दुकानदाराने आतून एक जाडजूड, रुंद खांद्यांची दुर्बीण आणली. "ही पोरो प्रिझमची, आतल्या तिकोनी काचांमुळे अशी रुंद. सातपटच दाखवते, म्हणून कमी हलते. पुढची भिंगं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे जवळचं काय नि लांबचं काय ते वेगळं कळतं."

तिने डोळ्यांना लावली. दिव्याचा खांब पुढे, भिंत मागे, मधे मोकळी जागा. खडक आणि बोट अशीच वेगळी दिसली असती तर! तिच्या अंगावर काटा आला.

"आत वाफ धरेल?"

"नाही. आत कोरडा वायू भरून सगळे सांधे बंद केलेत."

"बुडवून दाखवा."

दुकानदार हसला. ती हसत नाही असं बघून त्याने बादली आणली. वहिनीने स्वतःच दुर्बीण पाण्यात दाबून धरली, बोटं गारठेपर्यंत. एकही बुडबुडा आला नाही. पुसून बघितली, आत स्वच्छ. तरी पैसे देऊन पायरीपर्यंत गेली आणि परत आली. "पुन्हा एकदा बुडवू?"

पुढच्या वादळात दीर पुन्हा निघाला. वहिनी भिजून चिंब झाली, हात लटलटत होते, पण भिंगांच्या आत धुकं नव्हतं. खडक वेगळा दिसत होता, बोट वेगळी. बोट वळली तसा दिराचा चेहराही दिसला. नेहमी चेष्टा करणारा तिचा दीर ओठ आवळून, डोळे विस्फारून बघत होता. तोही घाबरला होता, तिच्यासारखाच.

"वहिनी, बोला!" आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत.

"डावीकडे घ्या, भावजी. सावकाश. मी बघतेय."

बोट सुखरूप धक्क्याला लागली. दीर हात उडवत आला, "काय वहिनी, आज घाबरला नाहीत वाटतं?"

"घाबरले की," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. तिला काय दिसलं होतं ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.