आलंच शिखर, दहा मिनिटं

प्यो दोक्सूच्या डोक्यात उत्तरेच्या सरहद्दीवरल्या पेक्तू पर्वताचं खूळ शिरलं ते मार्चमध्ये. ज्या संध्याकाळी बायकोने न्यूझीलंडचा व्हिसा झाल्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी.

बायको हेरान आणि चौदा वर्षांची मुलगी सोल ऑगस्टअखेर ऑकलंडला निघणार होत्या. हेरानच्या बहिणीची तिथे खानावळ होती. सोल तिथल्या शाळेत जाणार, फाडफाड इंग्रजी बोलणार, हेरान बहिणीच्या हाताखाली राबणार आणि दोक्सू इकडे आमच्या वोंजू शहरात शिकवणीच्या पोरांची पिवळी व्हॅन चालवत राहणार. अशा मागे उरलेल्या बापांना आमच्याकडे रानहंस म्हणतात. नाव देणाऱ्याची कमालच म्हणायची, कारण हंस निदान उडून तरी जातो. दोक्सू गल्लीबोळातून क्लासच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

पेक्तूची गोष्ट त्याच्या बापाची. म्हातारा मूळचा उत्तरेतल्या, त्या पर्वताखालच्या ह्येसान गावचा. उत्तर-दक्षिणेच्या युद्धात चौदाव्या वर्षी पळून दक्षिणेला आला, मधली सरहद्द बंद झाली, तो परत गेलाच नाही. पर्वताची दुसरी बाजू चीनमध्ये, मग तिकडून वाट उघडली. पलीकडून पर्वत चढता येतो, सरहद्दीच्या नदीकाठी उभं राहिलं तर ह्येसानची घरं दिसतात, असं कळल्यावर म्हातारा दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी जाऊ." आधी त्याचे गुडघे गेले, मग तो गेला.

दोक्सूने ऑगस्टमधल्या पाच दिवसांचा बेत आखला. आधी चीनमधल्या त्या गावी, जिथे आपल्या जुन्या राजाचा तीन पुरुष उंच कोरीव दगड उभा आहे. मग पश्चिमेच्या बाजूने पायऱ्या चढून पेक्तू, वरचं तळं. शेवटी नदीकाठ. तिथे सोलला उभं करून पलीकडचं गाव दाखवायचं. दाखवून पुढे काय बोलायचं हे त्याला सुचलं नव्हतं, पण ते तिथे गेल्यावर सुचेल असं त्याला वाटे. खरं सांगायचं तर दगड आणि तळं हे सगळं निमित्त. व्हॅनच्या आरशात दिसणारा बाप सोडून सोलकडे बापाची दुसरी एखादी आठवण असावी, एवढंच त्याला हवं होतं. ती ऑकलंडला जायच्या आधी हवं होतं.

दोन फेऱ्यांच्या मधे तो व्हॅनमध्ये बसून फोनवर चढणीचे व्हिडिओ बघायचा. शेजारच्या व्हॅनचा कू डोकावून बघायचा.

"पोरगी कितवीत आहे रे तुझी?"

"माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला."

"मेलास! अरे, उत्तरेची फौज आपल्यावर का चालून येत नाही ठाऊक आहे ना? दुसऱ्या वर्षाच्या पोरांना घाबरून. आणि तू त्यांतलीच एक घेऊन सरहद्दीवर निघालास?"

दोक्सूलाही हसू आलं. पण घरी विषय काढताना तो सोलकडे न बघता ताटाकडे बघून बोलला.

सोलने जेवता जेवता ऐकून घेतलं. "आपलाच डोंगर चीनमधून बघायला जायचं?"

"हो."

"वर जाऊन करायचं काय?"

"बघायचं."

"मग?"

"मग उतरायचं."

"भारीच बेत आहे, बाबा." तिने आईकडे बघितलं. हेरान म्हणाली, "सोलचे बाबा, ऑगस्टमध्ये तिचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग आहे. आणि एवढं चढायची सवय आहे का तिला?"

"सवय करू की. आपला गावचा चिआक डोंगर आहे ना! एकदा चिआकच्या माथ्यावर गेली की पेक्तू काहीच नाही."

सोलने खांदे उडवले. "चिआकच्या माथ्यावर गेले तर येईन." दोक्सूच्या दृष्टीने हा होकारच होता. महिनाभर तो त्याच आनंदात होता, बिचारा.

जूनच्या पहिल्या रविवारी दोघं निघाले. आमच्याकडचे बाप गावामागच्या टेकडीवर जातानासुद्धा हिमालयात निघाल्यासारखे नटतात, तसा दोक्सू नटला होता. जाकीट, दोन काठ्या, पाठीवर शेवाळपानात गुंडाळलेल्या किंबापच्या भातवळ्या आणि सोललेल्या काकड्या. सोल शाळेच्या पटांगणातले बूट घालून आली होती.

चिआकच्या माथ्याकडे जाणारी जिन्यांची वाट वाईट आहे. एक जिना संपला की दुसरा. अर्ध्या तासातच सोल धापा टाकायला लागली.

"बाबा, किती राहिलं?"

"आलंच गं. दहा मिनिटं."

आता डोंगरावरची ही आमच्याकडची रीतच आहे. उतरणारा माणूस चढणाऱ्याला म्हणतो, आलंच, दहा मिनिटं. तास उरलेला असो की दोन तास, दहा मिनिटंच. कुणी शिकवत नाही, कुणी तपासत नाही. दोक्सूने हे जन्मभर ऐकलं होतं आणि जन्मभर म्हटलं होतं. आपण काही खोटं बोलतोय हे त्याच्या मनालाही शिवलं नाही.

वरून रुंद टोपीची एक आजीबाई आली. "अगं बाई, कित्ती गुणाची पोर! आलंच बघ शिखर. दहा मिनिटं जेमतेम!" सोल उठली, चढली. बऱ्याच वेळाने चौघं काका भेटले. "हिंमत धर, पोरी, आलंच!" ती पुन्हा उठली. दोक्सू मागून म्हणत होता, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी सोल एका पायरीवर बसली ती बसलीच. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"इथे सगळे ठरवून खोटं बोलतात का?"

"खोटं नाही गं. धीर देतात."

"मला धीर नकोय. खरं किती राहिलं ते सांग."

दोक्सूने वर बघितलं. झाडं बुटकी झाली होती, फांद्यांमधून आभाळ दिसत होतं. ही जागा त्याच्या पायाखालची होती. वर माथ्यावरचे दगडी मनोरे, आणि मधे खरोखरच दहा मिनिटं.

"दहा मिनिटं. आईची शपथ, सोल. या वेळी खरंच."

सोलने त्याच्याकडे नीट बघितलं. मग उठून पँट झटकली. "चल खाली."

"अगं, वेडी का तू? इथवर येऊन?" त्याचाही पारा चढला. "एवढ्याशा जिन्याला रडतेस, पेक्तू काय कपाळ चढणार!"

"नकोच ना मग पेक्तू! मी कुठे मागितलं होतं?"

बोलून गेल्यावर दोक्सूने जीभ चावली, पण ती उतरायला लागलीसुद्धा. तो मागोमाग गेला. वाटेत एक बारकी मुलगी आईचा हात धरून चढत होती. तिने सोलला विचारलं, "ताई, अजून किती?"

"खूप," सोल म्हणाली. "पायात दम असेल तरच जा."

त्या आईने असं बघितलं की जणू कुणी तिच्या लेकीला शापच दिला. दोक्सूने वाकून माफी मागितली. भातवळ्या तशाच घरी आल्या.

पेक्तूचं नाव मग कुणी काढलं नाही. ऑगस्ट वर्गात गेला. हेरान एकदा समजुतीने म्हणाली, "सुट्टीला येईल तेव्हा जा की. डोंगर कुठे पळून चाललाय?" दोक्सू "हो" म्हणाला. पण व्हॅनमध्ये बसून त्याने सगळं पाहून ठेवलं होतं. तिकडची मोठी सुट्टी डिसेंबरात, आणि डिसेंबरात पेक्तूच्या पायऱ्या बर्फाखाली. मधल्या सुट्ट्या जेमतेम पंधरवड्याच्या, तेवढ्यासाठी कोण पोरीला इतक्या लांबून आणतं? मोठी झाली की येईल म्हणावं, तर मोठी झाल्यावर ती कशाला येईल? आपला म्हातारा "पुढच्या वर्षी" म्हणायचा तेव्हा त्यालाही सगळं ठाऊकच असणार, हे दोक्सूला तेव्हा कळलं.

विमानतळावर तो सवयीने काकड्या सोलून डब्यात घेऊन गेला. हेरान हसली. "आता काय ऑकलंड चढून जायचंय का?" सोलने मात्र एक तुकडा घेतला, मग दुसरा.

"बाबा, तू एकटाच जाऊन ये ना पेक्तूला."

"एकटा जाऊन काय करू?"

"बघायचं. मग उतरायचं."

दोक्सू हसला. "छे. दोघं जाऊ. सुट्टी लागली की तूच सांग कधी ते."

सोल खाली बघत काकडी चावत राहिली. "डिसेंबरात वाट बंद असते. बघितलंय मी."

म्हणजे तिनेही बघितलं होतं. कधी बघितलं, का बघितलं, विचारावं असं त्याला फार वाटलं. तेवढ्यात हेरानने हाक मारली, रांग पुढे सरकली. मायलेकी काचेच्या दारापाशी पोचल्या. दोक्सूला राहवलं नाही. आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता तो ओरडला, "सोल! मग कधी जायचं गं आपण?"

सोल वळली. क्षणभर तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मग तिने हात उंच केला आणि डोंगरावरच्या त्या आजीबाईच्या आवाजात ओरडली, "आलंच, बाबा! दहा मिनिटं जेमतेम!"

रांगेतली माणसं हसली. दोक्सूही हसला, डबा हातात घेऊन हात हलवत राहिला. दार मिटलं. चिआकच्या पायरीवर बसून सोलने खरं काय ते विचारलं होतं. दोक्सूने विचारलं नाही.