जिन्याखाली थांबलेल्या बायका

मे महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी दहा. जागा: तंजावर जिल्ह्यातली, तिरुवैयारूजवळची नरिकुरवर वस्ती, शाळेची नवी इमारत. हजर: देणगीदार रामनाथन सार, सेल्वम मेस्त्री, वस्तीतल्या राणी अक्का आणि त्यांच्याबरोबरच्या बायका, ट्रस्टतर्फे मी. काम: हँडओव्हर. म्हणजे मेस्त्रीने किल्ली द्यायची आणि आम्ही राहिलेल्या चुका दाखवायच्या.

खालचा वर्ग पाहून झाला. फळा, पंखे, नळ, सगळं ठीक. मी म्हटलं, "आता वर." रामनाथन सार चढले, मेस्त्री चढला, मी चढले. वरून वाकून पाहिलं तर बायका जिन्याखाली उभ्या. एकीनेही पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

"पायऱ्या उंच झाल्या का?" मी मेस्त्रीला विचारलं.

"मॅडम, माझी सासू चढेल अशा आहेत," तो म्हणाला.

नरिकुरवर म्हणजे मणी-माळा घेऊन जत्रांमागे फिरणारी जमात. आई-बाप जत्रेला निघाले की मुलंही निघतात आणि शाळा सुटते. म्हणून आम्ही वस्तीतच शाळा काढली. बायकांनी एकच अट घातली होती: आम्हालाही शिकवा. आम्ही तिथे बसलो, जागा पाहिली, तरच मुलांना मागे ठेवून जाऊ. जागा अरुंद होती, म्हणून प्लॅन दुमजली केला. खाली मुलं, वर बायका. प्लॅन मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जून तोंडावर आला होता. बायका वर गेल्या नाहीत तर मुलं खालीही बसणार नव्हती.

मी खाली आले आणि राणी अक्कांना मागच्या नळाशी घेऊन गेले. आमचं घर तंजावरच्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीतलं. वस्तीची वागरी बोली आणि आमची घरची मराठी लांबच्या नात्यातल्या आहेत. पाण्याला दोघी पाणीच म्हणतो. तेवढ्या ओळखीवर त्या माझ्याशी जरा मोकळं बोलतात.

"अक्का, काय झालं?"

"पुरुषांसमोर कसं सांगू, अम्मा? बाईचा घागरा पुरुषाच्या डोक्यावरून जाऊ नये. देवीच्या वरून तर नाहीच."

"खाली देवी कुठे आहे?"

"पायाभरणीला आमच्या माणसांनी देवीचं गाठोडं आणून ठेवलं नव्हतं का? जिथे खालचा वर्ग आहे, तिथेच. गाठोडं परत घरी नेलं, तरी जागा तिची झाली."

आठवलं. कापडात बांधलेलं गाठोडं होतं. प्रत्येक घराची देवी अशी गाठोड्यात असते. आम्ही त्याला हळदकुंकू वाहून फोटो काढले होते.

"पण तिरुच्चीच्या डोंगरावरच्या देवळात तर चढून जाता ना?"

"तिथे पायाखाली, डोंगराच्या आत, वर्ग भरतो का?" त्या हसल्या. "खाली बसायला काही हरकत नाही. वर नको."

"मग प्लॅन पाहिला तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही कागद दाखवला. कागद सपाट होता."

रामनाथन सारांना मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते तापले. "असलं खूळ घालवायलाच शाळा काढतो ना आपण?"

त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण शाळा सुरू व्हायच्या आधीच तिने ते काम कसं करायचं? मी तेवढंच म्हटलं.

"मग मुलांना वर बसवा," ते म्हणाले.

मी तिथूनच शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन लावला. लहान मुलांचा वर्ग तळमजल्यावरच हवा, दुसरं काही चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवला आणि बायकांना विचारलं, "मुलं दुपारी सुटतील. त्यानंतर त्याच वर्गात तुम्ही बसाल?"

त्यांनी आपसात वागरीत बरंच खलबत केलं. मग राणी अक्का म्हणाल्या, "चारला. देवळापुढची माळांची विक्री आटोपून. अंधाराच्या आत घरी पोचायला हवं."

"आणि वरचा हॉल?" रामनाथन सारांचा आवाज उतरला होता. तो हॉल त्यांनी आईच्या नावाने बांधून दिला होता. दारावर पाटी लागली होती. "माझ्या आईचं नाव रिकाम्या खोलीवर?"

मग राणी अक्कांनीच विचारलं, "सार, तुमची आई माडीवर बसायची का?"

"नाही. दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत."

"मग म्हातारीला वर कशाला कोंडता? दारात आणा. आमचीही चौकशी होईल."

सार हसले, आणि मेस्त्रीला म्हणाले, "पाटी काढ रे. खाली लाव." भिंतीला भोकं पडतील, असं मेस्त्री कुरकुरला. "पडू देत," सार म्हणाले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. राणी अक्कांची मुलगी मीना पहिल्या दिवशी आली, दुसऱ्या दिवशीही आली. जुलै-ऑगस्टमध्ये, आडी महिन्यातल्या जत्रांना मोठी माणसं गेली, मुलं आजीजवळ राहिली आणि वर्ग भरत राहिला. वरच्या हॉलमध्ये सध्या खुर्च्या आहेत. मीना मोठी झाल्यावर तिथे चढेल की नाही, हे तीच ठरवेल.

मी एक गोष्ट शिकले. लोकांची संमती घ्यायची तर प्लॅन दाखवून भागत नाही. जमिनीवर खडूने खोल्या आखाव्यात, वर काय आणि खाली काय ते बोलून सांगावं आणि बायकांना बायकांमध्येच विचारावं.

चारचा वर्ग मात्र अजून लंगडाच आहे. आम्ही नेमलेली शिक्षिका सकाळच्या वेळेसाठी होती. संध्याकाळच्या बसची तिला खात्री वाटत नाही. मी आठवड्यातून दोनदा जाते, ते पुरत नाही. राणी अक्कांना माळांच्या ऑर्डरी फोनवर लिहून येतात आणि त्या नवऱ्याकडून वाचून घेतात. "त्याला पटेल तेवढंच वाचतो," त्या म्हणतात. आता त्यांना तमिळ अक्षरं ओळखता येतात, पण जोडून वाचता येत नाही. गेल्या मंगळवारी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि पहिलं अक्षर बरोबर सांगितलं. पुढे अडल्या.

चारच्या वर्गाला शिक्षिका शोधायची आहे.