गोणीच्या पायात जोडवी नसतात

पुतळाबाईच्या बसण्यानं गाडी वाजते, हा शोध तिच्या नवऱ्यानं लावला नव्हता. तो लावला कोपरखैरण्याच्या एका सर्व्हिस सेंटरातल्या केयूर नावाच्या पोरानं. नवऱ्यानं तो फक्त खरा धरला. दोघांतल्या कुणाचा राग जास्त आला, हे मी तिला कधी विचारलं नाही. तोंडाकडं बघूनच कळत होतं.

बाई आमच्या पाटणकडची. घणसोली गावात आमच्याच आळीला एका खोलीत राहते. नवरा हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहणारा गडी. ही त्याच मार्केटात फाटक्या गोणी शिवते. दाभण आणि सुतळी घेऊन गाळ्याच्या तोंडाशी एकदा बसली की बसली. तिनं शिवलेली गोण परत तिच्याकडं आलीच, तर ती दुसऱ्या जागी फाटलेली असायची. जीभ दाभणाचीच बहीण. एकदा एक व्यापारी म्हणाला, बाई सुतळी चोरते. हिनं पदर, पिशवी, चंची, सगळं त्याच्या गादीवर झटकून दाखवलं आणि म्हणाली, "आता तुमचं खिसं झटका." त्यानं झटकले नाहीत, पण परत कधी बोललाही नाही.

सकाळी दोघं मोटरसायकलनं जायची. हौसेराव पुढं, ही मागं एका अंगाला पाय सोडून, मांडीवर भाकरीची पिशवी. दिवाळी झाली आणि गाडीतनं आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक. गाडी सावकाश असली की सावकाश, पळाली की भराभरा. आणि खोड अशी, की हौसेराव एकटा असला तर गाडी गप. ही मागं टेकली की लागली वाजायला.

सर्व्हिस सेंटरात गाडी दाखवली. चेन ताणून झाली, स्टँड बघून झाला, सायलेन्सरचे नट आवळून झाले. निखिल म्हणून तिथला मेकॅनिक दर वेळी एकटाच एक चक्कर मारून यायचा.

"काका, आवाजच नाय. गाडी एकदम मक्खन हाय."

"आरं, मागं बायको बसली की येतोय."

मग निखिल पुतळाबाईकडं बघायचा आणि हाताचं ग्रीस पुसायला लागायचा. परक्या बाईला मागं बसवून रस्त्यानं कसं फिरायचं? त्याच्या तोंडून ते निघेना. आपल्या बायकोला दुसऱ्याच्या मागं बस, असं हौसेरावालाही म्हणवेना. केयूर, तिथला साहेब, तर खुर्चीतनं उठतच नव्हता. एकदा हौसेरावानं हिला बसवून त्यांच्या पुढ्यातनं गाडी नेऊन दाखवली, पण रस्त्यावर ट्रक एवढे की फुटपाथवर उभ्या माणसाला काय ऐकू येणार. तीन बाप्यांनी मिळून एका बाईची लाज राखली, आणि आवाज होता तिथंच राहिला.

शेवटी केयूर म्हणाला, "काका, हा लोडिंगचा इश्यू आहे. वहिनींचं थोडं..." पुढचं त्यानं दोन्ही हात लांब करून सांगितलं. पुतळाबाई समोर उभी होती. "नाहीतर पायातलं ते असेल. जोडवी. फूटरेस्टला लागत असतील. काढून बघा ना."

आता शहरातल्या पोराला काय सांगायचं. पण हौसेराव तर आमच्यातलाच. त्यानं तरी घरी येऊन तोंड उघडायचं नव्हतं.

"काढून बघ की एक दिवस. बघाय काय जातंय?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "आवं, जोडवी कवा काढत्यात, ठावं हाय न्हवं?"

"ते हाय गं, पर..."

"मग तुमचा जायाचा इचार हाय का? असंल तर सांगा. काढते."

हौसेराव जेवून गप पडला. गप पडला ते खोलीत. मार्केटात गेल्यावर मात्र टोळीच्या गड्यांत चहा पिताना त्यानं सगळं रंगवून सांगितलं. बायकोच्या वजनानं गाडी कशी बोंबलते, कंपनीच्या माणसानं कसं हात पसरून दाखवलं. गड्यांना तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी पुतळाबाई गाळ्याकडं यायला लागली की कुणीतरी जिभेनं टिक टिक करायचं. मानसिंग मुकादम, टोळीचा म्होरक्या, वयानं थोर माणूस, तोसुद्धा म्हणाला, "वैनी, जपून टेका. फरशी वाजंल."

ती सुई ओढत राहिली. पण त्या दुपारी हौसेराव येऊन म्हणाला, "उद्यापास्नं तू बसनं येत जा. गाडी मोडंल माझी."

पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन दिवसभर पळणारा गडी. त्याला बायको जड झाली, आणि तीही गाडीला. अशा माणसाला काय म्हणावं, ते आमच्याकडच्या बोलीत आहे, पण छापता येत नाही.

पुतळाबाई दाभण गोणीत तसंच खोचून उठली. "मुकादम, माझ्या वजनाची गोण बांधा ह्यांच्या गाडीवर."

"तुमचं वजन कसं कळायचं, वैनी?"

"हे काय, काटा हाय की."

आणि माल मोजायच्या काट्यावर सगळ्यांदेखत जाऊन बसली. मांडी घालून, पदर सावरून. मानसिंगानं वाकून आकडा वाचला. शेजारी गोल्टी कांद्याची, म्हणजे बारक्या मालाची, भरलेली गोण होती. ती काट्यावर ठेवली तर हिच्यापेक्षा जड निघाली. हिच्या मापाची व्हायला गोणीतला कांदा ओंजळी-ओंजळीनं काढावा लागला. हसणारे गडी गोण उचलायला मात्र पुढं झाले. सुतळीनं मागच्या सीटवर आवळली. हौसेराव म्हणाला, "काय हा येडेपणा." पण मुकादम बघत होता, म्हणून गाडी सर्व्हिस सेंटराकडं काढली.

ही मागनं रिक्षानं पोचली, तवर हौसेराव सर्व्हिस सेंटरच्या दारात मान खाली घालून उभा होता. रस्ताभर गाडी वाजली होती. टिक, टिक, टिक.

"आता तू ने," ती निखिलला म्हणाली. "गोणीला घेऊन जायाला लाज न्हाय न्हवं वाटत?"

निखिल गाडी घेऊन आतल्या रिकाम्या गल्लीत गेला आणि परत आला तो मान हलवतच. "आवाज हाय, साहेब."

केयूर खुर्चीतनं उठला एकदाचा. "गोणीत कांदे हलत असतील."

"कांदा टिक टिक करतो व्हय?" पुतळाबाई म्हणाली. "मग जोडवी बघा तिची. का अंगानं वाढलीया ती बी?"

निखिलनं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि चाकाच्या तारा पान्यानं एकेक वाजवत गेला. टणक आवाज येत होता. मधेच काही तारा बदबद बोलल्या.

"ह्या ढिल्या हायत. मागं वजन आलं की एकमेकीला घासतात, तेच वाजतं. टायर कुठं बदललेला?"

"हितंच," हौसेराव म्हणाला. "दिवाळीत."

तारा तेव्हाच आवळायच्या होत्या. पाना लावायचा कंटाळा ह्यांनी केला, आणि दोष गेला बाईच्या अंगाला. तारा अशाच राहिल्या असत्या आणि पामबीच रोडवर चाक वाकलं असतं, तर तेव्हाही बाईचं वजनच कारण निघालं असतं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"सॉरी ताई, गैरसमज झाला," केयूर म्हणाला.

"कशाचा? अंगाचा का जोडव्यांचा?"

त्याला फोन आला. नसेलही आला, पण त्यानं कानाला लावला.

तारा आवळून झाल्या. हौसेराव गोण सोडायला लागला. "चल, बस. झालं ते झालं. चुकलं आमचं."

"गोण सोडू नका. तिलाच न्या. आणि चुकलं म्हनून हितं काय सांगता? जितं चा पिताना सांगितलंसा, तितं सांगा."

ती बसस्टॉपकडं चालायला लागली. हौसेराव गोण मागं घेऊन हळूहळू तिच्या बरोबरीनं येत राहिला. गाडी आता वाजत नव्हती. बस आली तशी ती चढली.

पुढं बरेच दिवस हेच चाललं. ती बसनं, हा गाडीनं, दोघं एकाच दारातनं निघून. खोलीत बोलणं होतं, जेवण होतं, भाकरीला मीठ बरोबर होतं. गाडीवर मात्र बसली नाही. बाईपुढं चुकलं म्हणायला ह्या माणसाला जड गेलं नव्हतं. गड्यांपुढं म्हणायला जीभ उचलेना.

मग एका सकाळी चहाच्या वेळी तो कपात बघत पुटपुटला, "चाकाच्या तारा ढिल्या व्हत्या. हिचं काय न्हवतं."

"ऐकू न्हाय आलं," मानसिंग मुकादम म्हणाला.

हौसेराव पुन्हा बोलला, ह्या वेळी शेजारच्या गाळ्याला कळेल इतक्या मोठ्यानं.

गाळ्याच्या तोंडाशी पुतळाबाईनं गाठ मारली, सुतळी दातानं तोडली.

"वैनी, आता तरी बसशीला का गाडीवर?" मानसिंगानं विचारलं.

"बसते की. पर हितनं पुढं गाडी वाजली, तर पयलं ह्यास्नी खाली उतरवून बघायचं. मग माझ्याकडं यायचं."