पत्ता खालून वाचणारे काका

"आधी गाव वाच. माणूस कुठे पळून जात नाही."

हे काकांचं ठरलेलं वाक्य. हातात लग्नपत्रिका पडली तरी ते ती तळापासून वाचायला घेत. मधेच चष्म्यावरून बघत सांगत, "जनकपुरीत आहे. कम्युनिटी हॉल." लग्न कुणाचं, असं विचारलं तर म्हणत, "तिथवर अजून पोचलो नाही."

तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेल, नोकरी सुटली तरी तिची सवय न सुटलेलं. काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात गेली होती. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत टाकायची. खण असतो गावाचा, माणसाचा नाही. निवृत्तीनंतर मुलाने गाझियाबादला फ्लॅट घेतला आणि काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. तेव्हा आमच्या टॉवरच्या मागे उसाचं शेत होतं, लिफ्ट अजून बसायची होती आणि सोसायटीत मराठी घरं तीन.

मी तेव्हा इंटरनेटवर बरण्या विकायचे. जवळच्या खुर्जा गावात बनणाऱ्या, चिनी मातीच्या, लोणच्याच्या. नवऱ्याची सरकारी नोकरी होती, घर चालत होतं. पण माझे वडील गवंडी, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, लग्न होऊन इकडे दिल्लीजवळ आले, आणि त्या पदवीचं काही झालं असं दाखवायला माझ्याजवळ हे एकच दुकान होतं.

कुरिअर निवडायची वेळ आली तेव्हा मी कॉम्प्युटरवर तक्ता केला. सहा कंपन्या, त्यांचे दर, लागणारे दिवस. सगळ्यांत स्वस्त निघाली तिच्याशी करार करून टाकला आणि तक्ता काकांना दाखवायला नेला. त्यांनी तो अर्थातच खालून वर वाचला.

"यात गावं कुठायत?"

"काका, कंपनी सगळीकडे जाते."

"अच्छा. सगळीकडे म्हणजे कुठे?"

"तुमचा जमाना गेला आता, काका."

हे मी बोलले. ते रागावले नाहीत. "बिल्कुल गेला," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मुंबई-पुण्याच्या बरण्या नीट पोचत होत्या. पण माझं खरं गिऱ्हाईक वेगळंच निघालं. शहरात नोकरी करणाऱ्या मुली गावाकडे आईला बरणी पाठवत. या गावाकडच्या बरण्या परत यायला लागल्या. कुणाचं झाकण फुटलेलं, कुणावर 'पत्ता सापडला नाही' असा शिक्का. मग ज्या वेबसाइटवर माझं दुकान होतं त्यांचं पत्र आलं: आणखी तीन परत आल्या तर दुकान बंद. नवऱ्याला सांगायच्या आधी मी परत आलेलं एक खोकं घेऊन खाली गेले.

काकांनी बरणीकडे बघितलंच नाही. पत्ता वाचला, खालून. "ज्यांच्याकडे जायची होती त्या बाईंना फोन लाव."

पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "आला होता की फोन. म्हणाला, स्टँडवर या. माझे गुडघे धरलेत गं, कशी जाऊ?"

काकांनी खोकं बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुझ्या तक्त्यात एक रकाना कमी आहे. दार."

त्यांच्या डब्यातले जुने सोबती निवृत्त होऊन आपापल्या गावी गेले होते. काकांनी त्यांतले तिघे निवडले आणि मला प्रत्येकाकडे तीन वाटांनी, दोन कुरिअरनी आणि एक टपालाने, एकेक बरणी पाठवायला लावली. माझ्याबरोबर प्रत्येक काउंटरवर स्वतः आले. मॉलच्या तळघरातला एक कुरिअरवाला मला अजून आठवतो.

"भाईसाहब, डिलिवरी घर तक है?"

"अंकल, पूरे इंडिया में है."

"इंडिया तो बड़ा है. मैं घर पूछ रहा हूँ."

तो नुसता हसला. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे."

पुढचे दहा दिवस काकांचे फोन चालले. ख्यालीखुशाली नाही, हवापाणी नाही. "दारापर्यंत आला का बोलावलं?" एवढंच विचारायचं आणि जुन्या पाकिटाच्या पाठीवर टिपायचं. एका सोबत्याने तर तीन बरण्यांत तीन लोणची घातली आणि उलट काकांनाच विचारलं, आणखी कधी पाठवणार.

उत्तर सरळ होतं. मोठ्या शहरांना कुरिअर ठीक. लहान गावांना साधं टपाल. चार दिवस जास्त घेतं, पण उंबऱ्यापर्यंत जातं. करार मोडला, त्यातली सवलत गेली. मी तक्ता नव्याने केला, या खेपेला पहिला रकाना गावाचा.

आधीच वाटेत असलेल्यांपैकी दोन बरण्या परत आल्या. तिसरीची मी महिनाभर धास्ती घेतली. रोज दारावरची बेल वाजली की मी आधी येणाऱ्याच्या हाताकडे बघायचे. ती आली नाही. दुकान राहिलं.

"बी.कॉम. मॅडम," काका म्हणाले, "आता झालात तुम्ही ग्रॅज्युएट."

पुढे त्यांच्या मुलाची बदली बंगळूरला झाली. काका म्हणाले, आणखी एक शहर नको आता, आणि देवरूखजवळच्या आपल्या गावी निघून गेले. जाताना पत्त्याची चिठ्ठी दिली. पहिल्या ओळीत गाव, शेवटच्या ओळीत नाव.

एवढं करून त्यांनी माझ्याकडून एकही बरणी कधी घेतली नव्हती. म्हणून कैरीच्या दिवसांत मी आपणहून एक पाठवली. फोन लागत नव्हता, पण गावाकडे रेंज नसते, असं म्हणून सोडून दिलं. कशाने पाठवायची, याचा विचार करावा लागला नाही. टपालाने.

तीन आठवड्यांनी खोकं परत आलं. उघडलं. बरणीचं झाकणसुद्धा हललेलं नव्हतं. मग खोक्यावरचा पत्ता वाचला, सवयीने, गावापासून. नावाच्या शेजारी निळ्या पेनाने, पोस्टमनच्या हाताने लिहिलेलं होतं: 'घरी जाऊन आलो. घेणारे वारले.'

पहिल्यांदा मनात आलं ते हे, की खाली जावं आणि काकांना सांगावं. दारापर्यंत गेला होता.